वायरगार्ड ॲप: फोनवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये

वायरगार्ड हे व्हीपीएन ॲप आहे, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी देणारं. जोडणी क्षणात होते, वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं तरी तुटत नाही. फोनसाठी ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएनपेक्षा हेच बरं. ऑफिसच्या सर्व्हरवर कॉन्फिग (जोडणीच्या सेटिंगची फाइल) बनवा, तिचा क्यूआर कोड ॲपमध्ये स्कॅन करा (त्यात प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली असते, नंतर तो पुसून टाका), ऑफिसच्या राउटरवर यूडीपी पोर्ट ५१८२० सर्व्हरकडे फॉरवर्ड करा.

खरी गोची पुढेच. हँडशेक (फोन आणि सर्व्हरने एकमेकांना ओळखणं) झाला नसला तरी ॲप टनेल, म्हणजे व्हीपीएन जोडणी, 'चालू' दाखवतं, चूक सांगत नाही. आलेला डेटा शून्य असेल तर पोर्ट किंवा की तपासा. हँडशेक होऊनही फाइल सर्व्हर उघडत नसेल, तर एक शक्यता म्हणजे ऑफिस आणि तुमचं वायफाय, दोन्हीकडची आयपी रेंज १९२.१६८.१.० असते; ऑफिसची बदला. सर्व्हरच्या कनेक्शनला सीजीनॅट (इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते) असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी.