नटाची कंपनी की छोटा निर्माता: पटकथा आधी कुणाच्या हाती?

नटाच्या निर्मिती कंपनीचा मोह कुणाला सुटलाय? त्याने होकार दिला की पैसे उभे राहणं एकदम सोपं होतं. पण तिथे पटकथा आधी नट वाचतच नाही. वाचतो पगारी वाचक. तो दोन-तीन पानी अहवाल लिहितो: कथासार, मत आणि खाली शेरा, ‘नको’, ‘विचार करा’ किंवा ‘घ्या’. आपली ११० पानं बहुतेकदा त्या ‘नको’पाशीच थांबतात.

तेही पाकीट उघडलं तर! हॉलिवूडमध्ये न मागवलेली पटकथा बहुतेक कंपन्या न वाचताच परत करतात. उद्या त्यांच्या चित्रपटात तसाच प्रसंग दिसला, तर कल्पना चोरल्याचा दावा गळ्यात पडायचा, ही भीती. म्हणून एजंट किंवा वकिलामार्फत या, नाहीतर रिलीज फॉर्मवर सही करा. (तो फॉर्म नीट वाचा. त्यात दावा करण्याचा हक्क बराचसा तुम्हीच सोडून देत असता.)

छोट्या स्वतंत्र निर्मात्याकडे पैसा कमी आणि चित्रपट अर्ध्यात अडकायची शक्यता जास्त. पण तो ईमेल बरेचदा स्वतः उघडतो. दोन ओळींतलं कथाबीज आवडलं तर पटकथा मागवतो, आणि मागवलेली पटकथा वाचली जाण्याची शक्यता कितीतरी जास्त. फुकट पुनर्लेखन मात्र किती वेळा, हे आधीच लेखी ठरवा.

माझं मत? पहिली पटकथा छोट्याकडेच. भूमिका अगदी त्या नटाच्या मापाची असेल आणि मध्ये ओळखीचा माणूस असेल, तरच कंपनी.