कच्च्या लिंबाचा हिशेब: ओपनस्किल आठ महिने वापरल्यावर

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये नवख्याचं काय करायचं हे ठरलेलं असायचं. तो कच्चा लिंबू. आउट झाला तरी आउट नाही आणि विषम संख्या झाली की तोच दोन्हीकडून बॅटिंग करणार. दोन कॅप्टन आळीपाळीने पोरं निवडायचे आणि संघ बहुतेक वेळा बरोबरीचे व्हायचे, कारण कोण किती पाण्यात आहे हे दोघांनाही पाठ असायचं. ऑनलाइन खेळात ही ओळखच नसते. तीस-चाळीस जणांचा ग्रुप, त्यातले रोज वेगळेच दहा जण हजर, आणि त्यात दोन नावं कुणी कधी ऐकलेली नाहीत. मग मॅच १३-२ ने संपते आणि हरलेल्या संघातला नवखा पुन्हा दिसत नाही.

काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या ऑनलाइन खेळाच्या पाच विरुद्ध पाच अशा खासगी मॅचेससाठी ओपनस्किल ही खेळाडूंचं कौशल्य आकड्यांत मोजणारी प्रोग्रामिंग लायब्ररी आठ महिने चालवल्यानंतरचा हा अनुभव. पायथॉनची आवृत्ती, सोबत डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचा एक साधा बॉट आणि एसक्यूलाइटचा डेटाबेस, एवढाच पसारा. आधीच सांगतो: ओपनस्किल रेटिंग देतं, संघ पाडून देत नाही. ते काम तुम्हालाच लिहावं लागतं, आणि खरी गंमत आणि खरे घोटाळे तिथेच आहेत.

हीच लायब्ररी का? एलो हे रेटिंगचं जुनं गणित बुद्धिबळाचं, एकास एक खेळाचं आहे. त्यात प्रत्येकाला एकच आकडा असतो, आणि तो आकडा किती भरवशाचा आहे हे कुठेच नोंदलं जात नाही. ग्लिको-२ ही त्यानंतरची पद्धत ती नोंद ठेवते, पण तेही मुळात एकास एकच. संघांसाठीचं नावाजलेलं गणित म्हणजे मायक्रोसॉफ्ट रिसर्चचं ट्रूस्किल, हर्ब्रिच, मिंका आणि ग्रेपेल यांचं. मात्र त्यावर मायक्रोसॉफ्टने पेटंट आणि ट्रेडमार्क घेतले होते, व्यावसायिक वापराला मोकळीक नव्हती. ओपनस्किल २०११ च्या वेंग आणि लिन यांच्या पद्धतीवर उभं आहे, परवाना एमआयटीचा, म्हणजे वापर मोकळा, आणि सूत्रं इतकी आटोपशीर की शंका आली तर कॅल्क्युलेटर घेऊन ताळा करता येतो. बियाँड ऑल रीझन हा मुक्तस्रोत स्ट्रॅटेजी गेमही हेच वापरतो.

प्रत्येक खेळाडूचे दोन आकडे असतात. म्यू म्हणजे कौशल्याचा अंदाज, सिग्मा म्हणजे त्या अंदाजाबद्दलची शंका. नव्या माणसाला म्यू २५ आणि सिग्मा ८.३३ मिळतो. पन्नासेक मॅच झालेल्या माणसाचा सिग्मा त्याच्या निम्म्याहून खाली येतो, पुढे आणखी उतरतो. नवा-जुना हा सगळा प्रश्न या दुसऱ्या आकड्यात आहे.

एक उदाहरण पूर्ण उलगडून बघू. एका संघात सिग्मा २ असलेले चार जुने आणि सिग्मा ८.३३ चा एक नवा. समोर सिग्मा २ चे पाच जुने. दोन्ही संघांच्या म्यूंची बेरीज सारखी, म्हणजे कागदावर ५०-५०. नवख्याचा संघ जिंकला. ओपनस्किलमध्ये काही न निवडता लागू होणाऱ्या मूळ प्लॅकेट-ल्यूस मॉडेलने त्या एका निकालावर नवख्याचा म्यू २.९३ ने वाढतो आणि त्याच्या चारही जुन्या साथीदारांचा फक्त ०.१७ ने. सतरा पटींचा फरक. कारण सरळ आहे: श्रेय सिग्माच्या वर्गाच्या प्रमाणात वाटलं जातं, ६९.४ आणि ४ असं. नवख्यामुळे हरलो तर आमचं रेटिंग बुडेल, ही जुन्यांची तक्रार हे गणित दाखवलं की बंद होते. ग्रुपमध्ये हे उदाहरण पिन करून ठेवा.

आता खोट कुठे आहे ते. मूळ सेटिंगवर ओपनस्किल संथ आहे. दोन कोरे खेळाडू एकास एक खेळले तर ट्रूस्किलमध्ये जिंकणारा २५ वरून २९.४० वर जातो आणि सिग्मा ७.१७ होतो. ओपनस्किलच्या प्लॅकेट-ल्यूसमध्ये तोच माणूस २७.६४ वर, सिग्मा ८.०७. म्हणजे नवखा जास्त काळ ‘बहुतेक मध्यम असेल’ या गैरसमजात राहतो. ओपनस्किलमधलंच दुसरं, थर्स्टन-मोस्टेलरचं पूर्ण मॉडेल निवडलं तर पहिली उडी ४.२ ची होते, ट्रूस्किलच्या जवळ. चार महिन्यांनी ते लावलं आणि तेच ठेवलं आहे. मॉडेल बदलताना जुनी रेटिंग नव्या मॉडेलमध्ये तशीच ओतू नका. प्रत्येक मॅचचा निकाल आणि दोन्ही संघांची यादी वेगळ्या तक्त्यात जपली असेल तर पहिल्या मॅचपासून सगळं पुन्हा चालवता येतं, काही सेकंदांचं काम. हा तक्ता पहिल्या दिवसापासून हवा. फक्त चालू रेटिंग साठवली असेल तर पुढे कुठलंही सेटिंग बदलणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

किती मॅचनंतर आकडा खरा मानायचा? ट्रूस्किलच्या कर्त्यांनी दिलेला हिशेब असा: एकास एकमध्ये १२ मॅच, चार विरुद्ध चारमध्ये ४६, आठ विरुद्ध आठमध्ये ९१. संघ मोठा तितकी एकेकाची माहिती कमी, कारण निकाल एकच आणि तो सगळ्यांत वाटायचा. आठवड्याला सहा मॅच होत असतील तर ४६ व्हायला जवळपास दोन महिने लागतात. ‘दहा मॅच झाल्या, अजून रेटिंग चुकतंय’ असं म्हणणाऱ्याला हाच आकडा सांगावा.

दोन महिने नवख्यांचे हाल नकोत, म्हणून सुरुवातीचा म्यू हाताने द्यावा लागतो. सगळे एकदम नवे असतील तर २५ ठीक. पण मुरलेल्या ग्रुपमध्ये नव्याने आलेला माणूस सरासरीइतका खेळणारा नसतो, त्याला २५ देणं म्हणजे त्याच्या संघावर अन्याय. आमची पट्टी अशी: नेमबाजीचा खेळ कधीच न खेळलेल्याला १६, व्हॅलोरंट किंवा तत्सम खेळून आलेल्याला २२, स्टीम या गेमच्या प्लॅटफॉर्मवर हजारापेक्षा जास्त तास दिसत असलेल्याला २८. सिग्मा तिघांचाही ८.३३ च ठेवायचा, म्हणजे अंदाज चुकला तरी निकाल तो लवकर ओढून आणतात. दुसऱ्या अकाउंटवरून ‘मी नवीन आहे हो’ म्हणत येणारे मुरलेले गडी थोडेफार आवरतात तेही या सिग्मामुळेच. पूर्ण आवरत नाहीत. तशा माणसाला खरी जागा गाठायला आठ-दहा मॅच सहज जातात, आणि तेवढ्या संध्याकाळी दुसऱ्यांच्या वाया जातात. पहिल्या मॅचनंतर शंका आली की म्यू हाताने ३० करणे हाच व्यवहारी उपाय.

संघ पाडण्याकडे येऊ. दहा जणांचे दोन संघ १२६ प्रकारे पडतात. संगणकाला हे काहीच नाही, सगळे मोजा. म्यूंच्या बेरजेत ५ चा फरक असेल आणि सगळे सिग्मा २ चे असतील तर जिंकण्याची शक्यता साधारण ६४-३६ होते, १० चा फरक असेल तर ७६-२४. म्हणून ३ च्या आतल्या वाटण्याच विचारात घ्यायच्या. इथे बहुतेक जण करतात ती चूक: संघ पाडताना म्यूऐवजी ऑर्डिनल वापरणे. ऑर्डिनल म्हणजे म्यू वजा तीन सिग्मा, म्हणजेच ‘निदान एवढं तरी येतं’. कोऱ्या खेळाडूचा ऑर्डिनल शून्य भरतो. तो वापरला की बॉट नवख्याला शून्य धरून त्याच्या संघात दोन वाघ कोंबतो, आणि नवखा जरा बरा निघाला की समोरच्यांचा भुगा. ऑर्डिनल फक्त तक्त्यात दाखवायला ठेवा. तेही १६ पासून सुरू केलेल्यांचा आकडा उणे ९ दिसतो, त्यामुळे पहिल्या दहा मॅच आकड्याच्या जागी नुसतं ‘नवीन’ लिहिलेलं बरं.

बेरीज जुळली म्हणजे मॅच रंगेल असं मात्र नाही, आणि ही रेटिंगच्या या सगळ्या पद्धतींचीच मर्यादा आहे. दहा जण असे घ्या: ३८, २६, २५, २४, २४, २३, २२, २२, २०, १६. पहिला गावाला भारी, शेवटचा नवखा. त्यांना वेगवेगळ्या संघांत टाकायचं म्हटलं तर ३८ वाल्याला उरलेल्यांतले सगळ्यात कच्चे चार दिले तरी बेरीज १२५ विरुद्ध ११५. फरक १०. नवख्याचा मोठा सिग्मा धरूनही ७०-३०. म्हणजे बेरीज जुळवायची तर १६ वाला ३८ वाल्याच्याच संघात जाणार, दर वेळी. १२० विरुद्ध १२० जुळतंही, पण समोर २६, २५, २४, २३, २२ अशी एकसारखी फळी उभी राहते आणि इकडे ३८, २४, २२, २०, १६, म्हणजे एक वाघ आणि चार बकऱ्या. वाघ राउंडच्या सुरुवातीला पडला की उरलेलं वीस-तीस सेकंदांत उरकतं. मॉडेलला याची कल्पना नाही, त्याच्या लेखी बेरीज ती बेरीज.



आमचा उपाय अर्धाच आहे. ३ च्या आतल्या वाटण्यांमधून, दोन्ही संघ उतरत्या क्रमाने लावून समोरासमोरच्या जोड्यांतले फरक मिळवायचे आणि सगळ्यात लहान बेरीज घ्यायची. वरच्या वाटणीत ती २४ येते. ३८, २३, २२, २२, १६ अशी पाडली तर २२, आणि एकूण फरक २ च. याने नेहमीच्या संध्याकाळी खूप फरक पडतो, कारण नेहमी ३८ वाला हजर नसतो. तो असला की १२६ वाटण्या मोजूनही चांगली सापडत नाही. मग त्याला त्या मॅचपुरतं ऑपशिवाय, म्हणजे स्नायपर बंदुकीशिवाय, खेळायला सांगणे किंवा कोच म्हणून बसवणे, एवढंच हातात राहतं. बंधन घालून खेळलेली मॅच रेटिंगमध्ये धरू नका.

आणखी दोन नियम वाटणीत घातले आहेत. सिग्मा ६ च्या वरचे खेळाडू दोन्हीकडे सारखे, फार तर एकाचा फरक. आणि कायम एकत्र खेळणाऱ्या जोड्या दोन्हीकडे सारख्या. आवाजावर एकमेकांची सवय असलेले दोघे त्यांच्या म्यूंच्या बेरजेपेक्षा भारी पडतात, आणि ओपनस्किलला हे कळायचा मार्ग नाही. मायक्रोसॉफ्टच्याच ट्रूस्किल २ मध्ये (२०१८) एकत्र आलेले गट, खेळाडूचा अनुभव, किल्स आणि मध्येच सोडून जाण्याची सवय हे सगळं धरलं होतं; हेलो ५ या नेमबाजीच्या खेळाच्या निकालांवर त्याचे अंदाज ६८ टक्के बरोबर आले, जुन्या ट्रूस्किलचे ५२ टक्के. किल्स धरायचा मोह मात्र छोट्या ग्रुपने टाळावा. आकडा किल्सवर वाढतो हे कळलं की बॉम्ब कुणी लावत नाही आणि डोळे दिपवणारा फ्लॅश कुणी टाकत नाही. नुकसान नेमकं नवख्याचं, कारण त्याला पुढे घेऊन जाणारं कुणी उरत नाही.

किरकोळ पण हमखास नडणाऱ्या गोष्टी. निकाल सांगताना काहीच दिलं नाही तर यादीतला पहिला संघ जिंकला असं धरलं जातं. रँक दिल्या तर लहान आकडा जिंकणारा, स्कोअर दिला तर मोठा आकडा जिंकणारा. यात उलटापालट झाली की हरणारे वर चढतात आणि आठवडाभर कुणाला पत्ता लागत नाही. रेट हे फंक्शन नवे आकडे परत देतं, जुन्या ऑब्जेक्टमध्ये बदल करत नाही. परत आलेलं साठवायला विसरलात तर सगळे जन्मभर २५. महिने-महिने गायब असलेल्यांचा सिग्मा आपोआप वाढत नाही, टाऊ नावाचं सेटिंग फक्त मॅचगणिक किंचित भर घालतं. आम्ही दर महिन्याच्या गैरहजेरीला सिग्माच्या वर्गात २ मिळवतो: २ चा सिग्मा तीन महिन्यांनी ३.१६. लाईट किंवा नेट गेल्याने पाचव्या राउंडच्या आत कुणी गळला तर मॅच रद्द. अमेरिकेतून मुंबईच्या सर्व्हरवर येणाऱ्यांचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास असतो. त्यांची रेटिंग त्या पिंगसकटची समजायची, वेगळी सूट नको. इथे सुट्टीवर येऊन खेळले तर मात्र निकाल नोंदवू नका.

हे चालतंय का, हे तपासायची पद्धतही अडचणीची आहे. मॅचआधीचा अंदाज नोंदवून ठेवून ब्रायर स्कोअर (अंदाज किती चुकला याचा आकडा, लहान तितका बरा) काढा असं कुणीही सांगेल. पण वाटणी चांगली असेल तर सगळे अंदाज ४५ ते ५५ मध्येच पडतात आणि स्कोअर ०.२५ च्या आसपासच राहतो, म्हणजे डोळे मिटून ५०-५० म्हणणाऱ्याइतकाच. त्यावरून लायब्ररी निरुपयोगी ठरवू नका. पाहायचं ते स्कोअरकार्ड. हरलेला संघ आठपेक्षा जास्त राउंड घेतोय का, आणि नवखा दुसऱ्या आठवड्यात परत येतोय का.

पाचपैकी चार तारे. कापलेला तारा संथ सुरुवातीचा. बारा-पंधरा जणांच्या वर ग्रुप असेल आणि आठवड्याला चार-पाच मॅच होत असतील तर जरूर लावा. तेच सात-आठ मित्र रोज खेळत असाल तर दोन कॅप्टन नेमा, पहिल्याने एक निवडायचा, दुसऱ्याने दोन, पुन्हा पहिल्याने दोन, तेवढ्यात भागतं.