उघड्यावर नाटक: एलियटची कविता की सेनेकाची शोकांतिका?

दोन्ही मी खान्देशातच केलीत. इंग्रजी कवी टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही दीर्घ कविता जळगावजवळ रेल्वेलाइनीलगतच्या शेतात, प्राचीन रोमन नाटककार सेनेकाचं ‘थिएस्टीस’ गिरणा नदीकाठी. यंदा हिवाळ्यात तुम्ही यांपैकी एक बसवणार असाल तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

कवितेचं बळ आधी सांगतो. शेवटच्या भागातले कोरडे खडक, पाण्याची आस, बृहदारण्यक उपनिषदातला मेघगर्जनेचा ‘द, द, द’, हे जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावणाऱ्यांना समजावून सांगावं लागत नाही. चार नट पुरतात.

अडचण झाली ती शांततेची. ही कविता तुटक ओळींवर आणि मधल्या थांब्यांवर उभी आहे. आमच्या प्रत्येक थांब्यात काहीतरी शिरायचं: भुसावळकडे निघालेली मालगाडी, शेजारच्या विहिरीवरची मोटार, कॉलर माइकमधला वारा. ४३४ ओळींत बोलणारे सतत बदलतात, कोण बोलतंय ते सुरावरूनच ओळखायचं, आणि सूरच उडून जायचा. नटी एका ओळीनंतर गप्प उभी राहिली, तर मागून एका काकांनी विचारलं, “माइक गेला का रे भो?” तो क्षण परत आला नाही. माइकला फोम लावला, मग थांबे कमी केले. थांबे गेले तशी कविताही गेली.

सेनेकाची नाटकं रंगमंचासाठी होती की नुसती वाचायला, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला तरी ती मैदानात चालताना दिसली. मोटार सुरू झाली की कोरस आवाज चढवतो, एवढंच. आम्ही कोरस अहिराणीत केला, डफावर, वहीगायन या खान्देशी लोकगायनाच्या अंगाने. राज्यावरून दोन भावांचं वैर ही गोष्टही परकी वाटत नाही. बांधावरून कोर्टात गेलेली भाऊबंदकी गावोगाव आहे. चौथ्या अंकाअखेर भरदिवसा सूर्य नाहीसा होतो नि कोरस हादरतो. डिसेंबरात पाचला सुरुवात केली होती, त्या गाण्याला उजेड खरोखरच गेला. पुढच्या आजींनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला.

पाठांतर मात्र भारी आहे, माणसंही जास्त लागतात. चारी बाजूंनी भिंती असलेला वाडा मिळाला तर कविता जरूर करा, तिथे ती कदाचित सरसही ठरेल. मोकळं रान असेल तर मी सेनेकाच घेईन. फक्त भावाच्या पानात त्याचीच पोरं वाढली जातात, हे गावातल्या मंडळींना आधी सांगून ठेवा.