ग्रॅव्हल सायकल आणि कोल्हापूरची माती: दिवाळी ते गणपती

दिवाळीच्या पाडव्याला घेतलेली ग्रॅव्हल सायकल (रोडबाईकसारखी, पण कच्च्या रस्त्यासाठी रुंद टायरची) आता उन्हाळा, वळीव आणि जवळजवळ अख्खा पावसाळा खाऊन बसली आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. लाखाच्या आतबाहेरच्या बऱ्याच ग्रॅव्हल सायकली साधारण अशाच येतात: ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, पुढे पेडलपाशी एकच 40 दात्यांची चेनरिंग (चक्री), मागच्या चाकावर 11 ते 42 दात्यांच्या चक्र्यांची कॅसेट, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, 700 बाय 40 चे, म्हणजे 40 मिलिमीटर रुंद टायर. यातलं काय आपल्याकडे टिकलं आणि काय बदलावं लागलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, रंकाळ्याच्या काठासाठी ही सायकल घेऊ नका. तिथे माणसं चालायला येतात, त्यांना चालू द्यावं. सायकलीची खरी मजा कळंबा तलावाच्या मागून कात्यायनीच्या अंगाला, मुरमाच्या वाटांवर. बारीक मुरूम, थोडी खडी, मधेच डांबराचा तुकडा. या रस्त्यावर सायकलीत नाव ठेवायला जागा नाही. रोडबाईकने जिथे दात वाजतात तिथे ही सरळ निघून जाते, आणि एमटीबीसारखी (माउंटन बाईक) डांबरावर जीव काढत नाही. माझं वजन सत्तरीच्या थोडं पुढे आहे. टायर ट्यूबलेस करून (आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट) पुढे 30 आणि मागे 34 पीएसआय ठेवतो. दुकानातून 60 भरून दिली होती. त्या हवेत मुरमावर सायकल नुसती उड्या मारत होती. नवीन सायकल घेतलेल्यांनी बाकी काही करण्याआधी हवेचा चांगला गेज घ्यावा. सायकलिंगच्या चांगल्या चड्डीपेक्षा तो जास्त उपयोगाचा.

पण कोल्हापूरकराची कसोटी मुरमावर लागत नाही, ती पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या वाटेत लागते. पंचगंगा-भोगावतीच्या काठची काळी माती, दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस आणि मधून ट्रॅक्टरची चाकोरी. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर त्या चाकोऱ्या वीतभर खोल करतात. फाल्गुनात त्या वाळून इतक्या कडक होतात की पुढचं चाक एकदा आत गेलं की बाहेर काढायला उतरावंच लागतं. हँडल खाली फाकलेलं आहे ते उतारावर बरं वाटतं, पण अरुंद पाणंदीत उसाचा पाला थेट मनगटावर येतो. उसाच्या पानाची धार ज्याला माहीत आहे तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो.

आणि तोडणी झालेल्या फडाच्या कडेने जाताना खोडक्या बघा. सराटा किंवा बाभळीचा काटा घुसला तर सीलंट ते भोक बुजवतं, चाक फिरवत राहायचं, काम झालं. खोडकी तिरपी छाटलेली असते, ती टायरची बाजू चिरते. माझा मागचा टायर असाच गेला. पांढरं सीलंट पोटरीवर फवारलं, प्लग घातला तर तो चिरेतून परत बाहेर आला. शेवटी टायर सोडून आतल्या बाजूने गोकुळच्या दुधाच्या पिशवीचा तुकडा चौपदरी करून लावला, वर जुनी ट्यूब घातली, हवा बेतानेच भरली आणि डांबराने घर गाठलं. बांधावर बसून हे सगळं बघणारे एक आण्णा शेवटी म्हणाले, "पाव्हणं, हिला कॅरेज न्हाई, स्टँड न्हाई, मडगार्ड न्हाई. मग एवढं पैसं घेतलं कशाचं?" उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून जाड बाजूचे टायर वापरतोय. वजन थोडं वाढलं, झोप मात्र शांत लागते.

सीलंटचं एक. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आपल्या एप्रिल-मेमध्ये ते लवकर सुकतं. टायर हलवून आत डुचमळतंय का ते ऐकायचं. आवाज नसेल तर ओतायची वेळ झाली.

आता पावसाळा. दुकानात विचारलं होतं, फ्रेममध्ये किती रुंद टायर बसतो? "42 पर्यंत बसतोय की." बसतो, खोटं नाही. पण 40 चा टायर घातल्यावर दोन्ही बाजूंना जी फट उरते ती कोरड्या रस्त्याची फट आहे. काळ्या मातीची राड टायरला धरली की शंभर मीटरमध्ये फट भरते, चेनस्टेपाशी (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या) गोळा होतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. अमेरिकेत कॅन्ससच्या 200 मैलांच्या शर्यतीतही चिखलात अशीच गत होते, तिथले लोक चिखल खरवडायला रंग ढवळायची लाकडी पट्टी जवळ ठेवतात. मी बांबूची कामटी फ्रेमला बांधून ठेवली आहे. आज घ्यायची झाली तर ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) एक पायरी खालचा चालेल, पण फ्रेममध्ये 50 चा टायर बसला पाहिजे आणि त्यात मी 40 चाच घालीन. आपल्याकडे पैसे त्या रिकाम्या जागेचे मोजायचे. जून ते सप्टेंबर नदीकाठच्या पाणंदीत मी जातच नाही. हट्टाने गेलात तर आपली सायकल आणि शेतकऱ्याची वाट, दोन्हींचं वाटोळं होतं.

पावसाची उघडीप मिळाली की पश्चिमेला जायचं, जांभ्यावर. पन्हाळ्याच्या पुढचं मसाई पठार म्हणजे जांभ्याचा उघडा सडा. पाणी साचतं, पण माती धरत नाही. भोकाभोकांचा खडबडीत दगड असल्याने ओला झाला तरी पकड बरी देतो. शेवाळ धरलेली जागा तेवढी ओळखून सोडायची. इथे दगडाच्या कडा रिमवर बसतात, म्हणून मागे 38 पर्यंत हवा वाढवतो. खरं बोलायचं तर पठारावर तासाभराने हात बधिर होतात आणि शॉक असलेली एमटीबी आठवते. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे 1660 साली महाराज गेले ती वाट याच पठारावरून जाते, त्यामुळे जुलैत पावनखिंड मोहिमांची गर्दी असते. त्या दिवसांत सायकल घरी. पुढे फुलं येतात तेव्हा मळलेली चाकोरी सोडायची नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

पठारावर चढतानाच गिअर कमी पडले. 40 ची चेनरिंग आणि मागे 42 म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाक जवळजवळ एक फेरा. सुट्या दगडांच्या चढाला ते जड जातं, उभं राहून दाबलं की मागचं चाक घसरतं. 36 ची चेनरिंग टाकली. सपाटीला मिनिटाला 90 फेरे मारले तर ताशी 43 किलोमीटरऐवजी 39 मिळतात. पाणंदीत 39 ने जाणार कोण?

ब्रेकचं रडगाणं वेगळं. जांभ्याची लाल राड पॅडला कानसच लावते. पन्हाळ्याच्या उतारावर लिव्हर पार हँडलला टेकायला लागला, खाली येईपर्यंत दोनदा उतरून केबलचा ॲडजस्टर फिरवला. कंपनीने दिलेले रेझिनचे पॅड काढून मेटलचे टाकले. ओले झाले की कर्कश ओरडतात, पण पावसाळा काढला. तेवढ्यावरून केबलचे ब्रेक टाकाऊ ठरत नाहीत. हायड्रॉलिक जास्त सोपे हे खरं, पण केबल गावातला कुठलाही सायकलवाला बदलून देतो.

राधानगरीबद्दल लोक हमखास विचारतात. शाहू महाराजांच्या धरणाच्या जलाशयाकडेने दाजीपूरच्या दिशेला जाणारा रस्ता सुंदर आहे, सावली आहे, आणि तो करायला ग्रॅव्हल सायकल लागतच नाही. अभयारण्यात मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय वाटा शोधत शिरू नका. 2012 पासून हे जंगल पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे गवे आहेत. संध्याकाळी गवा रस्त्यावर आला तर लांबच थांबायचं, घंटी वाजवायची नाही, तो जाईपर्यंत दम धरायचा. डिस्क ब्रेकचा ओरडा त्या क्षणी फार महागात पडेल असं वाटतं.

धुण्याबद्दल: सर्व्हिसिंग सेंटरवरच्या प्रेशरच्या पाण्याखाली सायकल धरू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या आसाचं बेअरिंग) करकरायला लागतो. बादली, जुना ब्रश, चेन पुसून ओल्या हवेतलं तेल. पुरे.

आणि घेतानाच डिरेल्यर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्याला लटकतो ती छोटी पट्टी) दोन जास्तीचे मागून घ्या. बऱ्याच मॉडेलचा आकार वेगळा असतो, कोल्हापुरात सहसा मिळत नाही. पाणंदीत पाचट चेनमध्ये अडकलं की पहिला तोच वाकतो. माझा ऐन हंगामात वाकला, आणि कुरियर येईपर्यंत सायकल भिंतीला टेकून होती.