जुन्या गाडीसाठी युनिव्हर्सल फ्युएल सेंडर: वस्तू चांगली, माहितीपत्रक अपुरे

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला की बहुतेक जण थेट टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग, बदलायला काढतात, आणि ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणारे सेंडर याच घाईवर खपतात. मी घेतलेला सेंडर २४० ते ३३ ओहमचा (ओहम हे विद्युत रोधाचे एकक) असून त्याची उंची आणि फ्लोटच्या, म्हणजे तरंगत्या भागाच्या, दांडीची लांबी हवी तशी ठेवता येते आणि तो पाच छिद्रांच्या चकतीने टाकीवर बसतो. तो बसवल्यापासून काटा भरवशाने वाचता येतो, त्यामुळे वस्तूबद्दल माझे मत चांगले आहे. तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल, कारण हा सेंडर कोणत्या गाडीला चालणार नाही हे त्यात कुठेच सांगितलेले नाही.

सेंडरचे काम तसे साधे असते. फ्लोट पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होतो, त्याची दांडी रोधकाच्या पट्टीवरून संपर्काचे टोक सरकवते आणि त्याने बदलणाऱ्या रोधानुसार डॅशबोर्डवरचा काटा हलतो. मात्र रिकाम्या टाकीला किती रोध आणि भरलेल्या टाकीला किती, हे सर्व गाड्यांत सारखे नसते. या सेंडरचा रोध टाकी रिकामी असताना २४० आणि भरलेली असताना ३३ ओहम असतो. फोर्डच्या अनेक जुन्या गाड्यांत हेच आकडे साधारण ७३ आणि १० असतात. दिशा तीच, म्हणजे टाकी भरताना रोध कमी होण्याची, असली तरी तिथे हा सेंडर लावल्यास टाकी काठोकाठ भरूनही काटा ‘फुल’पर्यंत पोहोचणार नाही. जनरल मोटर्सच्या कित्येक जुन्या गाड्यांत रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ९०, तर अनेक युरोपीय गाड्यांत रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहमच्या आसपास रोध असतो. या दोन्ही प्रकारांत दिशाच उलटी असल्यामुळे हा सेंडर रिकाम्या टाकीला भरलेली दाखवील, आणि रस्त्यात गाडी बंद पडायला याहून खात्रीचा मार्ग नाही. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ‘सर्व गाड्यांसाठी’ असे छापणाऱ्याला हे चार ओळींचे कोष्टक छापणे अवघड नव्हते.

खरेदीआधी दोष टाकीतच आहे याची खात्री करून घ्यावी, आणि त्यासाठी फारशी हत्यारे लागत नाहीत. सेंडरची तार काढून चावी चालू केली असता, या २४० ते ३३ च्या पद्धतीत, काटा रिकाम्याच्या टोकाला गेला पाहिजे. तीच तार ३३ ओहमच्या रोधकातून गाडीच्या सांगाड्याला जोडली असता तो भरलेल्याच्या खुणेवर यायला हवा. अनेक जण तार सरळ सांगाड्याला टेकवतात. त्याने काटा हलतो हे खरे असले, तरी द्विधातू पट्टीवर (तापल्यावर वाकणाऱ्या दोन धातूंच्या पट्टीवर) चालणाऱ्या डॅशबोर्डवरच्या जुन्या मापकातली तापणारी तार त्यामुळे जळू शकते, म्हणून मध्ये रोधक असलेला बरा. शिवाय ही चाचणी टाकी पूर्ण बंद असतानाच करावी, कारण तार टेकवताना ठिणगी उडते. काटा दोन्ही टोकांना नीट गेला, तर मापक आणि तिथपर्यंतची तार शाबूत आहे आणि दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये, म्हणजे सांगाड्याशी असलेल्या विद्युत जोडणीत, आहे, असे समजावे.

यातला अर्थिंगचा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. गंजलेल्या जोडामुळे परिपथात जादा रोध येतो; २४० ते ३३ च्या पद्धतीत त्याने काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, तर ० ते ९० च्या पद्धतीत जास्त. टाकी काढून स्वच्छ केली, वरून छान रंग दिला आणि नेमका तेव्हापासूनच काटा बिघडला, ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि तिथे रंगाच्या थराने अर्थिंग तोडलेले असण्याचीच शक्यता अधिक असते. सेंडरच्या चकतीपासून सांगाड्याच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागेपर्यंत एक वेगळी तार तात्पुरती जोडून पाहावी. काटा जागेवर आला, तर नवा सेंडर घेण्याचे कारणच उरत नाही. याउलट पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच चुकू लागले असतील, तर टाकीकडे जाऊच नये. अशा जुन्या गाड्यांत दोन्ही मापकांना एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून (विजेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या भागातून) वीज मिळते आणि संशयाचे पहिले स्थान तेच असते.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. बसवण्यापूर्वी मल्टिमीटर (रोध मोजणारे उपकरण) जोडून मी दांडी अगदी सावकाश फिरवून पाहिली. दोन्ही टोकांचे आकडे सांगितलेल्या आकड्यांच्या जवळ होते आणि मधल्या प्रवासात आकडा कुठेही उडी घेत नव्हता किंवा संपर्क तुटत नव्हता. ही कसोटी प्रत्येकाने टेबलावरच घ्यावी, कारण हा दोष बसवल्यानंतर सापडला तर सगळे काम पुन्हा करावे लागते. फ्लोट पोकळ पितळेचा नसून पेट्रोलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या फेसाचा आहे, ही जमेची बाजू. पितळी फ्लोटच्या झाळकामाला बारीक छिद्र पडले की आत पेट्रोल शिरून तो बुडतो आणि काटा कायमचा रिकाम्यावर बसतो. त्याहून जुन्या बुचाच्या फ्लोटवरचा लाखेचा लेप इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये टिकत नाही.

मोजमाप मात्र शांतपणे घ्यावे लागते. दांडी ज्याभोवती फिरते तो खिळा टाकीच्या खोलीच्या निम्म्यावर यावा आणि फ्लोट वर छताला किंवा खाली तळाला टेकता कामा नये, एवढे माहितीपत्रकात आहे. टाकीच्या आतल्या आडव्या पडद्यांना दांडी अडू शकते, हे त्यात नाही. पाच छिद्रांपैकी एक मुद्दाम थोडे बाजूला असते, त्यामुळे चकती एकाच दिशेने बसते; म्हणून फ्लोट कोणत्या बाजूला झुलणार हे आधी ठरवून घ्यावे. सोबत आलेले बुचाचे गॅस्केट मी वापरले नाही. त्याऐवजी नायट्राइल रबराचे लावले आणि स्क्रूंच्या खालीही गळती रोखणारे वॉशर घातले, कारण स्क्रू थेट टाकीच्या आत उतरतात.

या कामात बॅटरीचे ऋण टोक आधी काढावे. टाकी जवळपास रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पेटते ती वाफ, आणि अर्धवट रिकाम्या टाकीत ती भरपूर असते. हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचून दूरवर पसरते. काम उघड्या, हवेशीर जागेतच करावे.

उणिवा दोन आहेत आणि दोन्ही मोठ्या आहेत. या सेंडरला कमी पेट्रोलचा दिवा पेटवणारा वेगळा संपर्क नाही, त्यामुळे मूळ सेंडरवर तशी दुसरी तार असेल तर तो दिवा कायमचा बंद होतो. दुसरे असे की कित्येक गाड्यांत इंजिनाकडे पेट्रोल नेणारी नळी मूळ सेंडरच्याच चकतीतून जाते. तिथे हा सेंडर बसतच नाही. अशा गाडीत जुना सेंडर दुरुस्त करणेच शहाणपणाचे. पट्टीवरचा काळा थर हलक्या हाताने साफ करून, संपर्काचे टोक किंचित दाबून आणि फ्लोट बदलून तो पुष्कळदा पुन्हा चालू होतो. नळीच्या आकाराचे, चुंबकी फ्लोट आणि आत बंदिस्त स्विच असलेले सेंडरही मिळतात. त्यांत घासणारा भाग नसल्याने ते जास्त टिकतात, पण काटा टप्प्याटप्प्याने सरकतो आणि टाकीची नेमकी खोली सांगूनच ते मागवावे लागतात.

टाकीचा आकार वरपासून खालपर्यंत एकसारखा नसेल, तर अर्ध्यावर आलेला काटा म्हणजे अर्धी टाकी, असे या सेंडरवरही धरता येत नाही. बसवल्यावर मोजून थोडे थोडे पेट्रोल भरत काटा कुठे येतो हे लिहून ठेवावे, विशेषतः तळाकडच्या भागात. आणि दिवा गमावलेल्या गाडीत ती नोंद डॅशबोर्डच्या कप्प्यातच ठेवावी.