चेहरा, ऑडिट की एक्सप्लोरर: क्रिप्टो प्रकल्प पारखायचा कशावर?

पैसे घालण्याआधी बहुतेक जण टीम बघतात: नावं, फोटो, लिंक्डइन. माझ्या मते हाच निकष सगळ्यात फसवा. वनकॉइन या बनावट क्रिप्टो चलनाची संस्थापक रुजा इग्नातोव्हा 2016 मध्ये लंडनच्या वेम्बली अरीनात गर्दीसमोर भाषण देत होती. ऑक्टोबर 2017 मध्ये ती गायब झाली, आणि वनकॉइनमागे खरी ब्लॉकचेन (व्यवहारांची सगळ्यांना दिसणारी नोंदवही) नव्हतीच. याउलट बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोटो कोण, हे आजही ठाऊक नाही. पण त्याचा 9 पानी व्हाइटपेपर (रचना समजावणारा दस्तऐवज) आणि सगळा कोड कुणालाही तपासता येतो. (म्हणून निनावी टीम बरी असंही नाही. 2021 चं स्क्विड टोकन निनावीच होतं. भाव चढत राहिला, पण घेणाऱ्यांना ते विकताच येईना.)

ऑडिट (बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेली कोडची तपासणी) त्याहून बरं. मात्र त्यात कोडच्या एका ठरावीक आवृत्तीतल्या चुका शोधतात, मालकाची नियत नव्हे. शिक्का बघून थांबू नका. अहवाल उघडा, मालकाचे अधिकार वाचा, कॉन्ट्रॅक्टचा (टोकन चालवणाऱ्या कोडचा) पत्ता जुळवा.

एकच निवडायचं तर मी एक्सप्लोरर, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणारी वेबसाइट, निवडेन. इथेरियम ब्लॉकचेनच्या इथरस्कॅनवर टोकनचा पत्ता टाका. ‘होल्डर्स’मध्ये एक्सचेंज आणि लिक्विडिटी पूलचे (खरेदी-विक्रीसाठी ठेवलेल्या साठ्याचे) पत्ते वगळून पहिल्या दहा वॉलेटांकडे किती टक्के माल आहे ते बघा. निम्म्याहून जास्त असेल, तर भाव त्यांच्याच मुठीत. मग ‘कॉन्ट्रॅक्ट’. सोर्स कोड व्हेरिफाइड नसेल तर विषय संपला. असेल तर मिंट (नवी टोकन काढणं), पॉज (व्यवहार थांबवणं), ब्लॅकलिस्ट (ठरावीक पत्ते अडवणं) ही फंक्शन्स शोधा आणि ती कुणाच्या हातात आहेत ते पाहा. लिक्विडिटी लॉक केली आहे का (म्हणजे मालकाला तो साठा काढून नेता येणार नाही), कधीपर्यंत, हेही.

एवढ्यावरही एक गोष्ट निसटते: परतावा येतो कुठून? टेरा या क्रिप्टो प्रकल्पाचा संस्थापक दो क्वॉन उघड माणूस, कोडही उघड. त्यांच्या अँकर या ठेव-कर्ज सेवेवर यूएसटी (एका डॉलरला बांधलेलं टेराचं नाणं) ठेवलं की वर्षाला सुमारे 20 टक्के मिळत. कर्जदारांच्या व्याजातून तेवढं निघत नव्हतं. तूट राखीव निधीतून भरली जाई. मे 2022 मध्ये यूएसटी एका डॉलरवरून घसरलं आणि त्याचं जोड-नाणं लुना मातीमोल झालं.

हे सगळं पटलं, तरी आधी किरकोळ रक्कम घालून ती विकून बघा. कॉन्ट्रॅक्ट प्रॉक्सी असेल, तर मात्र ही चाचणी आजपुरतीच; उद्या मालक कोड बदलू शकतो.