सोलापूरच्या वर्गात समुद्राचे मोजमाप : इन्कॉइसच्या माहितीसेवेचे परीक्षण

हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचे, म्हणजे इन्कॉइसचे, संकेतस्थळ मुख्यतः मच्छीमार, बंदरे आणि संशोधक यांच्यासाठी आहे. तरीही समुद्रापासून दूर असलेल्या सोलापुरात भूगोल शिकवताना मला त्याच्याइतके उपयुक्त साधन दुसरे सापडलेले नाही, कारण क्रमिक पुस्तकात समुद्राचे वर्णन असते आणि येथे त्याचे मोजमाप पाहायला मिळते.

संभाव्य मत्स्यक्षेत्रांचा सल्ला हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग आहे. वनस्पतिप्लवकांतील, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींतील, हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते, हिरवा मात्र त्यामानाने अधिक परावर्तित होतो; या फरकावरून उपग्रह हरितद्रव्याचे प्रमाण काढतो आणि अवरक्त किरणांवरून पृष्ठभागाचे तापमान. जेथे थंड आणि उबदार पाण्याच्या सीमा भिडतात व हरितद्रव्यही वाढलेले असते, तेथे मासळी मिळण्याची शक्यता अधिक धरली जाते. बंदरापासूनची दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश असा हा सल्ला मराठीतही मिळतो. तो हाती देऊन कोकण किनाऱ्याच्या नकाशावर ती जागा शोधायला लावली, की अक्षांश-रेखांश म्हणजे काय, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मर्यादा आहेत, पण त्या तंत्राच्या आहेत. 26 नोव्हेंबर 2022 रोजी सोडलेल्या ईओएस-06 उपग्रहावरील सागररंगमापक 13 वर्णपट्ट्यांत पाहतो, आधीच्या ओशनसॅट-2 उपग्रहावरील 8 पट्ट्यांत पाहत असे. परंतु पट्टे कितीही वाढले तरी ढगांपलीकडचे त्याला दिसत नाही. म्हणजे मृगाच्या पावसाकडे सोलापूरचे डोळे लागलेले असतात, नेमक्या त्याच दिवसांत अरबी समुद्राच्या रंगाचे नकाशे रिकामे पडतात. त्या काळात मी स्कॅटरोमीटरने, म्हणजे सूक्ष्मलहरी सोडून समुद्रावरचा वारा मोजणाऱ्या उपग्रहावरील उपकरणाने, मोजलेल्या वाऱ्यांचे नकाशे वापरतो, कारण सूक्ष्मलहरी ढगांतून पार जातात. किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यातील हरितद्रव्याचे आकडेही जपूनच घ्यावेत. गाळ आणि विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये रंग बदलून टाकतात.

उपग्रह वरचा थरच पाहतो, ही उणीव अर्गो तरंडांची, म्हणजे समुद्रात सोडलेल्या स्वयंचलित मोजमाप यंत्रांची, माहिती भरून काढते, आणि माझ्या मते या सेवेतील खरी संपत्ती तीच आहे. हे तरंड साधारण 1000 मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान व क्षारता मोजून ती उपग्रहामार्फत पाठवतात. एका तरंडाचा आलेख फळ्यावर काढला, तर वरचे उबदार पाणी कोठे संपते आणि तापमान कोठून झपाट्याने घसरते, हे वर्गातल्या शेवटच्या बाकावरूनही दिसते.

नववीपुढच्या शिक्षकांनी ही सेवा अवश्य वापरावी. सुरुवात मत्स्यक्षेत्राच्या सल्ल्यापासून करावी, अर्गोकडे नंतर वळावे. उजनी धरणाच्या हिरव्या पाण्याचा अभ्यास मात्र या नकाशांवरून करू नये. त्यासाठी होडीतून सेकी तबकडी (पाण्याची पारदर्शकता मोजण्याची चकती) सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजणे अधिक विश्वासार्ह ठरेल.